एअर घेतलीया!

कराडच्या आसपास, उसाच्या मुलखात, एखाद्या घरापुढं ताडपत्रीखाली झाकलेली जुनी पिकअप दिसली की खुशाल समजावं, आत तात्या आहेत. नाव आप्पा असेल, बापू असेल, पण असामी तीच. साठी ओलांडलेली, बंडीच्या खिशात बारा-तेराचा पाना, आणि थोरल्या मुलानं बोलावलेल्या भंगारवाल्याला चहा पाजून रिकाम्या हातानं परत लावण्याचा दांडगा अनुभव. "तवाचं लोखंड हाय हे. आताच्या गाडीला नुसतं टेकून हुभं ऱ्हायलं तरी पोचा पडतोय," हे ते भंगारवाल्यालाच सुनावतात. तोही मान डोलावतो, कारण वजनावर घेणाऱ्यालाही तेच हवं असतं.

तात्यांचं शिक्षण विहिरीवर झालं. वीज यायची ती रात्री, तीही लहर लागली तर. त्यामुळं मळ्यात ऑइल इंजिन असायचंच. कुणाकडं किर्लोस्कर, कुणाकडं साताऱ्याचं कूपर. डिकॉम्प्रेशनची कळ उचलून हँडल मारायचं, वेग आला की कळ पाडायची, आणि हँडल उलटं आलं तर मनगट घेऊन डॉक्टरकडं जायचं. या शाळेत कान तयार होतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या ब्लॉकवर आणि मूठ कानाला लावून तात्या डोळे मिटतात आणि "तीन नंबरचं नोझल टिपतंय" असा निकाल देतात. हे ढोंग नव्हे. आवाज लोखंडातून खरंच तसा वर येतो, आणि पुष्कळदा तीन नंबरचंच निघतं.

गाडीतलं इंजिन म्हणजे त्यांच्या भाषेत 'पिजो'. प्युजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यानं महिंद्रानं इगतपुरीला बनवलेलं, 2112 सीसीचं. तात्या फ्रान्सला गेलेले नाहीत, पण तिकडच्या लोकांविषयी त्यांचं मत चांगलं आहे.

गाडी कित्येक पावसाळे उभी असते. एके रविवारी सकाळी तात्या ताडपत्री ओढतात. एअर क्लीनरच्या पाइपातून आधी उंदराचं घरटं निघतं. त्यात शोधत असलेली वीजबिलं सापडतात. टाकीचा खालचा नट काढला तर काहीच येत नाही. तार घालून खुपसल्यावर चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ येतो. नवं डिझेल गाळून घालायला काकींचं नवं गाळणं जातं. काकी काही बोलत नाहीत. त्या दुपारच्या चहाला जो वास येतो, तोही कुणी बोलून दाखवत नाही.

मग कळतं, पिस्टन चिकटलेत. तात्यांना याचा आनंदच होतो, कारण आता काम वाढलं. चारही हीटर प्लग काढून त्या भोकांतून डिझेल मिसळलेलं ऑइल आत सोडायचं, दोन-चार दिवस मुरू द्यायचं, आणि पुलीच्या नटाला मोठा पाना लावून हळूहळू मागंपुढं करायचं. जोर करायचा नाही. इंजिन एकदा फिरलं की प्लग न बसवताच सेल्फ मारायचा, म्हणजे आतलं तेल बाहेर पडतं. ते आत राहिलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे सगळं तात्या सेल्फ मारण्याआधी सविस्तर समजावून सांगतात. पुण्याहून आलेले जावई मात्र त्या वेळी फोनवर असतात. बोलणं संपवून ते नेमके पांढऱ्या शर्टात, "बघू बरं," म्हणत वाकतात. तेल पत्र्याच्या छपरापर्यंत जातं. जावई मध्ये असतात.

या सगळ्यात सर्वांत अवघड काम टॉर्च धरण्याचं. ते घरातल्या कॉलेजच्या पोराकडं येतं. टॉर्च धरणाऱ्याला गाडीतलं काही कळत असेल तर तो मतं देतो, म्हणून ते नको. पण तात्यांची नजर पुढं कुठं जाणार हे त्याला आधीच कळायला हवं. "उजेड माझ्या बोटावर नगं, नटावर पाड." नट हातातून निसटून चेसीत गेला तर तो टॉर्चनं पाडलेला असतो. 'चौदा-पंधरा' मागितल्यावर बारा-तेरा दिला, की शिक्षणावर केलेला आजवरचा खर्च मोजला जातो.

तोवर बघे जमतात. शेजारचे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर म्हणतात, टायमिंग गेलं. दूधवाला म्हणतो, रिंगा गेल्या. तात्यांचं निदान मात्र पहिल्यापासून एकच, "एअर घेतलीया." बोअरची मोटर पाणी फेकेना, एअर. काकींचा कुकर शिट्टी देईना, एअर. नातू गणितात नापास झाला तेव्हाही त्यांनी तोच संशय घेतला होता.

पण इथं ते बरोबर असतात. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. आतली हवा मूळच्या जागेच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास दाबली की इतकी तापते, की वरून फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. मात्र पाइपात बुडबुडा राहिला, तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो आणि नोझल उघडतच नाही. म्हणून तात्या फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून अंगठ्यानं हँडपंप मारत बसतात. आधी नुसता फेस येतो, मग थांबत थांबत बुडबुडे, मग बिनबुडबुड्याची सलग धार. ती दिसली की धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. तेच पुढं पंपावर, तेच नोझलच्या नटांवर. या तासाभरात तात्यांशी कुणी बोलू नये.

ट्रॅक्टरची बॅटरी जोडली जाते. हीटर लावून तात्या मनातल्या मनात मोजतात. सेल्फ. एक सिलिंडर ठोकतो, थांबतो, दुसरा साथ देतो, आणि अख्खं अंगण पांढऱ्या धुरानं भरतं. काकी खिडक्या लावून घेतात. धूर विरतो तेव्हा इंजिन चारही पायांवर उभं असतं आणि तात्या कुणाकडंही न बघता फडक्याला हात पुसत असतात. फडकं जावयाच्या शर्टाचं.

"आता एक चक्कर मारा की," एसटीवाले म्हणतात. चक्कर कुठली! टायर बसलेत, क्लच प्लेट चिकटलीय, ब्रेक जाम आहेत, आणि पंधरा वर्षं उलटल्यावर करायची पुनर्नोंदणी झालेलीच नाही. तात्या इंजिन बंद करतात, ताडपत्री ओढतात आणि पुढच्या रविवारचं जाहीर करतात, "बिरेकची एअर काढायची ऱ्हायलीया."

ब्रेकची एअर काढताना तात्या गाडीखाली असतात. वर दोघं लागतात, एक पेडल मारायला आणि एक टॉर्च धरायला. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर जरा लवकर पोहोचा, आणि पेडलचं काम आधीच मागून घ्या.