शून्य आणि शिंक

कर्करोगामुळे प्रोस्टेट काढलेल्या पुणेकराला तब्येत विचारा. "पीएसए शून्य!" दहावीचे मार्क सांगावेत तसं तो सांगेल. पीएसए हे प्रोस्टेटमध्येच तयार होणारं प्रथिन; ग्रंथीच गेल्यावर त्याचा रक्तातला आकडा मोजता न येण्याइतका खाली यायलाच हवा, म्हणजे अभिमान रास्त. क्रमांकाचीही सोय आहे. देशातल्या कर्करोग-नोंदींच्या २०१४ सालच्या एका आढाव्यात पुरुषांमध्ये हा कर्करोग पुण्यात दुसरा होता, मुंबईत तिसरा. मुंबईच्या पुढे जायला इतकं नकोसं निमित्त दुसरं नसेल.

पण शून्य हा शस्त्रक्रियेच्या तीन निकालांपैकी फक्त पहिला. दुसऱ्याबद्दल, म्हणजे लघवी धरता येण्याबद्दल, कट्ट्यावर कुजबुज असते. तिसऱ्याबद्दल, म्हणजे शरीरसंबंधाबद्दल, तीही नाही. खरं तर त्या तिसऱ्यासाठी केवढी खटपट झालेली! शरीरसंबंधाच्या नसा प्रोस्टेटच्या आत नसून बाहेरून जातात, हे १९८१ साली हॉलंडचे मूत्ररोगतज्ज्ञ डोंकर यांनी अमेरिकेचे मूत्ररोगतज्ज्ञ वॉल्श यांना दाखवलं. पुढच्याच वर्षी वॉल्श यांनी त्या मुद्दाम वाचवून शस्त्रक्रिया केली. आपल्याकडे तपासणीत डॉक्टर "आणि बाकी?" विचारतात, काका घाईघाईने "बाकी उत्तम" म्हणतात आणि शेजारी बसलेल्या काकू पर्समध्ये काहीतरी शोधू लागतात.

दुसरा निकाल शिंकेबरोबर लागतो. मूत्राशयाच्या तोंडाची झडप प्रोस्टेटबरोबर बरीचशी जाते, आणि लघवी धरून ठेवण्याचा सगळा भार खालच्या एका स्नायूवर येतो. शस्त्रक्रियेनंतर लावलेली लघवीची नळी निघाली की खोकला, शिंक, मोठ्याने हसणं, सगळ्यावर थेंबभर कर. ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. म्हणजे बहुतेकांचं सुधारतं, सगळ्यांचं नाही. ते होईपर्यंत नाटकाला कडेची खुर्ची, आणि शक्यतो शोकांतिका.

उपाय म्हणून हे खालचे स्नायू आवळण्याचा जो व्यायाम देतात, तो केगेल या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली मांडला, बाळंतपणाने हे स्नायू सैलावलेल्या बायकांसाठी. तो कुठेही, कुणाला न कळता करता येतो. चितळ्यांच्या रांगेत एखादे आजोबा विनाकारण गंभीर दिसले, तर बाकरवडी संपली असं लगेच समजू नये.

पॅडचं काय करायचं, हा मात्र पेच. जन्मात बायकोसाठी पॅड न आणलेले एक सदाशिव पेठी काका ओळखीचं मेडिकल टाळून थेट कोथरूडला जातात. तिथला मुलगा पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. एवढ्या वयात त्यांना कळलं, की हे पाकीट गुंडाळूनच मिळतं.

शेवटी धीर करून त्यांनी काकूंना सांगितलं, "अगं, शिंकलं की थोडं होतं."

काकूंनी पोळी उलटली. "मला धाकट्याच्या वेळेपासून होतंय. तो आता बेचाळीसचा आहे."

"कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत? आणि कोथरूडला जाताच आहात, तर दोन पाकिटं आणा."