तळघरात छतदिवे बसवण्याचा शास्त्रोक्त विधी

या विधीला लागणारी पहिली सामग्री म्हणजे तळघर. दुबई-शारजातल्या बहुसंख्य मराठी कुटुंबांकडे ते नसतं. असतं ते इमारतीचं. इथे इमारती बीजगणिताने ओळखल्या जातात. बी प्लस जी प्लस सहा म्हटलं की त्यातला 'बी' म्हणजे तळघर, आणि त्यात आपण राहत नाही, आपली गाडी राहते. तिथले दिवे नातूर, म्हणजे इमारतीचा रखवालदार, आणि मेंटेनन्सवाले पाहून घेतात. आपण फक्त ते कधी बंद पडलेत याची नोंद ठेवायची.

खरं तळघर विलांखाली असतं. त्यामुळे हे मार्गदर्शन वाचणाऱ्यांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग विलावाल्यांचा. दुसरा, विलावाले ज्यांचे मित्र आहेत आणि शनिवारी संध्याकाळी ज्यांना "या एकदा बेसमेंट बघायला" असं बोलावणं येतं, त्यांचा. दुसऱ्या वर्गाला खर्च नसतो, म्हणून त्यांचं मत अधिक ठाम असतं. हा विधी दोघांनाही लागू आहे.

आधी यजमानाची पात्रता तपासावी. भाडेकरू यजमानाला संकल्प सोडण्याचा अधिकार नाही. दुबईच्या 2007 सालच्या 26 क्रमांकाच्या कायद्यातलं कलम 19 सांगतं की घरमालकाची परवानगी आणि संबंधित खात्याचा परवाना असल्याशिवाय भाडेकरूने जागेत बदल करू नये. जिप्समच्या छताला तीन इंचांची बारा भोकं पाडणं हा बदल आहे, सजावट नव्हे, हे वर्षाच्या शेवटी डिपॉझिट परत मागताना आपोआप समजतं. स्वतःच्या मालकीचा विला असणाऱ्यांनी फार हुरळू नये. त्यांना विकासकाचं ना-हरकत पत्र लागतं. छतात आधीच दिवे असतील तर भाडेकरूने नुसते आतले बल्ब बदलावेत, जुने बल्ब एका खोक्यात घालून वर 'छत' असं लिहावं आणि घर सोडताना ते परत लावावेत. कायद्याच्या चौकटीत बसणारा हा एकमेव आनंद आहे.

आता संकल्प. तळघर कशासाठी, हे मोठ्याने म्हणावं. सगळे 'होम थिएटर' म्हणतात. दोन वर्षांनी तिथे एक ट्रेडमिल, सहा सुटकेसा, गणपतीचं मखर आणि पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले आई-बाबा असतात. म्हणून दिवे निवडताना थिएटरचा विचार करू नये, आई-बाबांचा करावा. त्यांना रात्री उठल्यावर जिना दिसला पाहिजे, आणि बाबांना पेपर वाचता आला पाहिजे. पडद्यावरचा काळा रंग किती काळा दिसतो याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. थिएटरचा हट्टच असेल तर पडद्याजवळच्या दिव्यांना वेगळं बटण द्यावं. संपूर्ण तळघर एका बटणावर ठेवणाऱ्याला शास्त्रात क्षमा नाही.

यानंतर रंगाचा मोठा प्रश्न येतो आणि इथे घरं दुभंगतात. आपली पिढी ट्यूबलाइटखाली वाढली. परीक्षेचा अभ्यास, साखरपुडा, वीज गेल्यावर परत येतानाची ती तडफड, सगळं त्या पांढऱ्या उजेडात झालेलं. त्यामुळे 6500 केल्विनचा निळसर पांढरा दिवा म्हणजे 'उजेड' आणि 3000 केल्विनचा पिवळसर दिवा म्हणजे 'हॉटेल', अशी आपली पक्की समजूत असते. पिवळ्या दिव्याखाली बसलेल्या आत्या "अगं, लाइट लाव की" म्हणतात, आणि तो लावलेलाच असतो. तळघराला खिडकी नसते, म्हणून तिथे 6500 लावलं की बसणाऱ्याला आपला नंबर कधी पुकारतील असं वाटत राहतं. 3000 घ्यावं, ट्रेडमिलच्या कोपऱ्यात 4000 चालेल. एकाच छतात दोन रंग शेजारी-शेजारी मात्र येऊ देऊ नयेत. खोक्यावर रंग किती खरे दिसतील ते सांगणारा सीआरआय नावाचा आकडा असतो, तो 90 च्या आसपासचा पाहावा. त्याहून बराच कमी असला की पैठणीचा राणी रंग नेमका कुठला, यावर भाऊबीजेला वाद होतो.

दिवे किती, हा प्रश्न इलेक्ट्रिशियनला विचारू नये. तो छताकडे बघून "साब, सोला लगाओ, एकदम दिन माफिक होगा" म्हणणार. त्याचं चुकत नाही. त्याची मजुरी भोकांवर असते. हिशेब आपण करावा. पाच मीटर बाय चार मीटरची खोली, म्हणजे वीस चौरस मीटर. बसण्याउठण्याला 150 लक्स पुरतात; गुणाकार केला की 3000 लुमेन. सात वॉटचा बरा एलईडी साधारण 600 लुमेन देतो. म्हणजे पाच दिवे. गालिचा आणि सोफा थोडा उजेड गिळतात म्हणून सहा, फार तर आठ. सोळा दिव्यांखाली जे होतं त्याला उजेड म्हणत नाहीत, चौकशी म्हणतात.

वॉटकडे पाहून दिवा घेण्याची सवय सोडवत नसेल त्यांनी 'दुबई लॅम्प' आठवावा. दुबई महापालिका आणि फिलिप्स यांनी 2016 मध्ये तो जाहीर केला: वॉटमागे 200 लुमेन, तीन वॉटमध्ये जुन्या साठच्या बल्बचं काम. उत्तम वस्तू. फक्त तिचा आकार बल्बचा असल्याने ती छतातल्या भोकासाठी नाही, आणि शहराच्या नावाचा दिवा घेऊन तळघराचा प्रश्न सुटत नाही.

अंतराचं गणित बीम अँगलवर, म्हणजे दिव्याचा उजेड किती अंशांत पसरतो त्यावर, असतं. छत 2.4 मीटर उंच असेल तर 24 अंशांचा दिवा जमिनीवर जेमतेम एक मीटरचं वर्तुळ टाकतो, 36 अंशांचा दीड मीटरचं, 60 अंशांचा पावणेतीन मीटरचं. दुकानात 24 अंशांचा दिवा फार देखणा दिसतो, कारण तो खाली ठेवलेल्या फुलदाणीसाठी बनवलेला असतो. घरात त्याच्या वर्तुळात एका वेळी एकच काका बसू शकतात. साठ अंशांचे घ्या आणि भिंतीपासून साठ-सत्तर सेंटीमीटर आत ठेवा. तळघराचं छत डक्टमुळे आणखी खाली येतं, आणि सोफ्यावर आडवं पडणाऱ्याच्या डोळ्यांत दिवा थेट घुसतो; म्हणून ज्याचा चकाकता भाग आत खोल बसलेला आहे असाच दिवा निवडावा. निवडीच्या वेळी दुकानातल्या स्टुलावर आडवं पडून पाहणं हे लाजिरवाणं आहे आणि आवश्यकही.

उष्णतेबद्दल इथे कोणी कोणाला शिकवायला नको. पन्नास वॉटचे दहा हॅलोजन म्हणजे छतात अर्धा किलोवॉटचा हीटर, आणि तो लावून वर एसी चालवणं म्हणजे देवाला, म्हणजे डीईडब्ल्यूए या दुबईच्या वीज-पाणी प्राधिकरणाला, दुहेरी दक्षिणा. एलईडीचं तेच काम सत्तर वॉटमध्ये होतं. पण एलईडी स्वतः सहसा मरत नाही, त्याला वीज पुरवणारी डबी, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, मरतो. जिप्समच्या वरच्या बंदिस्त जागेत तो तापतो आणि मग एके दिवशी दिवा मिचमिचायला लागतो. ड्रायव्हरपर्यंत हात पोहोचेल अशी झडप छतात ठेवा, किंवा तो दिव्याच्या भोकातून बाहेर ओढता येतो का, हे बसवण्याआधी पाहा. डिमर हवा असेल तर डिमरला चालणाराच ड्रायव्हर मागा. नाहीतर अर्ध्या उजेडात सगळी खोली थरथरते.

आणि आता वरुणपूजन. वाळवंटातल्या तळघराला पाण्याची काय भीती, असं 16 एप्रिल 2024 पर्यंत म्हणता येत होतं. त्या दिवशी अल ऐनजवळच्या खतम अल शकला इथे चोवीस तासांच्या आत 254 मिलिमीटर पाऊस पडला, 1949 पासूनच्या नोंदींमधला सर्वाधिक, आणि दुबईत कित्येक तळमजले, कित्येक गाड्या पाण्यात गेल्या. 26 जुलै 2005 चे सांताक्रूझचे 944 मिलिमीटर पाहिलेल्या मुंबईकरांनी या आकड्याला हसून दाखवलं, पण गाडी त्यांचीही बी-1 मध्येच होती. शिवाय किनाऱ्याजवळ खारं भूजल फार खोल नसतं. भिंत वरून कोरडी दिसली तरी आतून घाम गाळत असते. दिव्यावर आयपी म्हणून दोन अंक असतात, पहिला धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. इथे दोन्ही लागतात. कोरड्या मधल्या भागात आयपी 44 पुरे. बाथरूमपाशी आणि बाहेर उघडणाऱ्या जिन्याजवळ आयपी 65. आयपी 68 चा दिवा पाण्याखालीही जळतो, पण तुमच्या तळघरात छतापर्यंत पाणी आलं तर तो जळतोय का, हे पाहायला थांबू नये. तळघराच्या सर्किटला स्वतंत्र ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे का, तेवढं मात्र आजच पाहा. एवढी एक गोष्ट या विधीत गंमत म्हणून सांगितलेली नाही.

खरेदीला ड्रॅगन मार्टला जावं. इंटरनॅशनल सिटीतली ही इमारत सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब आहे, आणि दिव्यांची दुकानं पाहता पाहता माणूस आपण कोणत्या टोकाने आत शिरलो ते विसरतो. तिथे सगळेच दिवे एकदम पेटलेले असतात, म्हणून कुठलाच दिवा कसा दिसतो ते कळत नाही. एक नमुना घ्या, घरी आणा, संध्याकाळी शिडीवर चढून छताला हाताने धरा आणि खाली सोफ्यावर घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला बसवा. त्यांनी "लाइट लाव की" म्हटलं नाही तर ऑर्डर द्या. ऑर्डर देताना दोन दिवे जास्तीचे आणि त्याच खोक्यातले घ्या. पुढच्या वर्षी तेच मॉडेल त्या दुकानात नसतं, आणि बऱ्याचदा ते दुकानही तिथे नसतं.