विनिमय दर

रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि पुढे 31 वर्षं बँकेच्या परकीय चलन विभागात बसलो. तरी निवृत्तीनंतरच्या पहिल्याच दिवाळीला अभ्यंगस्नानासाठी घरचा साबण, अशी घोषणा करून मोकळा झालो.

"सोपं असतं गं," मी मेथी निवडणाऱ्या हिला समजावलं. "तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या दांडीला लटकलेली तीन मेदाम्लं. कॉस्टिक सोडा त्यांना खाली उतरवतो आणि प्रत्येकाच्या हाती एकेक सोडियम देतो. झाला साबण!"

"अहो, बाजारातली एक वडी आणून ठेवा."

कॉस्टिक पाण्यात टाकायचा, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, हे मला पाठ होतं. पातेलं कोणतं घ्यायचं हे नव्हतं. अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी माळ्यावरचं जर्मलचं पातेलं काढलं. कॉस्टिकचे पापुद्रे पाण्यात पडले आणि पातेलं फसफसायला लागलं, बघता बघता काळं पडलं. अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो, हे मला खोकता खोकता आठवलं. हायड्रोजन पेट घेतो, हेही. समोर समई तेवत होती.

"दिवा विझव!" मी ओरडलो.

"गणपती घरात असताना विझव काय म्हणता? शांत कर म्हणावं!"

दुसऱ्या दिवशी स्टीलचं पातेलं घेतलं. 1 किलो खोबरेल. जुन्या पुस्तकाच्या कोष्टकात खोबरेलापुढे 257 आकडा होता, म्हणून 257 ग्रॅम कॉस्टिक सोडा काट्यावर तोलून घेतला. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. रवीने घुसळून मिश्रण श्रीखंडासारखं दाटलं, तेव्हा प्लास्टिकच्या डब्यात थापलं आणि महिनाभर मुरायला ठेवलं.

धनत्रयोदशीला वड्या पाडल्या. पांढऱ्याशुभ्र. मुरलेले साबणवाले कडेला जीभ लावून बघतात म्हणे. मीही लावली. टॉर्चच्या सेलला लावल्यासारखा झटका बसला.

मग कोष्टकाखालची बारीक टीप वाचली. आकडा पोटॅशचा होता! सोडा कमी लागतो; पोटॅशच्या आकड्याला 0.713 ने गुणायचं, म्हणजे 183 ग्रॅम. 74 ग्रॅम कॉस्टिक जास्तीचा पडला होता. 31 वर्षं डॉलरचे रुपये करणाऱ्या माणसाने चलनच बघितलं नव्हतं.

नरकचतुर्दशीला पहाटे पाटाशेजारी बाजारातली वडी होती. कधी आणली, ते मी विचारलं नाही.

फराळाला चकलीत मीठ अजिबात लागेना. तेही बोललो नाही.