ताणावरचे स्वेटर

२०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर तालुक्यात संत्र्याच्या बागेला 'ताण' देतात; ताण म्हणजे काही आठवडे पाणी तोडून झाडाची वाढ मुद्दाम रोखणे, म्हणजे पुढे पाणी मिळताच ते फुलांनी लगडते, आणि हा फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत आला तर त्याला आंबिया बहार, पावसाच्या तोंडावर आला तर मृग बहार म्हणतात. हेच शास्त्र विणकामाला लावले, तर पिशवीत पडून असलेला एका बाहीचा स्वेटर, अंगठ्यापाशी थांबलेला हातमोजा आणि बाळंतविड्यातली अर्धी कुंची ही आळसाची नव्हे, ताणाची लक्षणे ठरतात. (बाळंतविडा म्हणजे नवजात बाळासाठीच्या कपड्यांचा संच, तो रखडला तरी बाळ काही ताणावर राहत नाही, ते चालू लागते.) निंदण निघाले की सुया ठेवायच्या आणि पाऊस लागला की खुरपे, त्यामुळे दोन्हीकडे प्रगती संथ पण अखंड असते, असे विणणारीचे प्रतिपादन असते, आणि सौंसरच्या मे महिन्यात स्वेटर मागायला कोणी येत नसल्याने ते खोडलेही जात नाही. फरक एवढाच, की ताण लांबला तर झाड वाळते आणि लोकरीला कसर लागते.