सिस्टिमकाका

एखादी गोष्ट डोळ्यांनी पाहिली की आपल्यासारख्यांचं समाधान होतं. सिस्टिमकाकांचं काम तिथून सुरू होतं. हावड्याच्या फलाटावर गीतांजली समोर उभी असते, माणसं उतरत असतात, हमालांनी डोक्यावर बॅगा चढवलेल्या असतात, आणि काका मोबाइलकडे बघत म्हणतात, "ॲपवर अजून सांत्रागाछीलाच आहे." गाडी खरी की ॲप खरं, हा प्रश्न त्यांना पडतच नाही. दोन नोंदी जुळत नाहीत ना, मग तिसरी मिळवायची. ते चौकशीच्या खिडकीकडे निघतात. तोवर पाहुणे टॅक्सीत बसून घाम पुसत असतात.

असा माणूस प्रत्येक मोठ्या कचेरीत एक तरी सापडतो. पगाराचा संगणक वेगळा, भांडाराचा वेगळा, मुंबईचा वेगळा, गुवाहाटीचा वेगळा. त्या सगळ्यांना एकमेकांशी बोलतं करायचं काम याच्या गळ्यात पडतं. जन्मभर ते केलं की जग म्हणजे अबोला धरलेल्या यंत्रांचा गोतावळा वाटू लागतो. मग निवृत्ती येते. यंत्रं सुटतात, गोतावळा उरतो.

आमचे काका रेल्वेच्या संगणक खात्यातून निवृत्त होऊन सांत्रागाछीला राहतात. त्यांचे आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेच्या नोकरीत नागपूरहून इकडे आले ते परत गेलेच नाहीत. घरात बोलणं नागपुरी, पाड्यात बंगाली आणि रागावले की रेल्वेची हिंदी. पाड्यातले म्हातारे अजून त्यांना गमतीनं 'बोर्गी' म्हणतात. १७४० च्या दशकात रघूजी भोसल्यांच्या स्वारांनी बंगालात जो धुमाकूळ घातला, त्याची ही आठवण. काका जरासुद्धा चिडत नाहीत. "जुनी एन्ट्री आहे," म्हणतात, "दोन्हीकडची वही अजून टॅली झालेली नाही."

त्यांच्या पाहुण्याला स्टेशनवरच पहिला वर्ग भरतो. हावडा म्हणजे एका पाटीखाली दोन रेल्वे. जुन्या इमारतीत पूर्व रेल्वे, नव्या संकुलात दक्षिण-पूर्व. प्रवाशाला यातलं काही कळू नये, हीच खरी जोडणी, असं काकांचं मत. मग ते पाहुण्याला ओझ्यासकट 'बोरो घोरी'खाली उभं करतात. १९२६ पासून तिथे टांगलेलं हे दोन तबकड्यांचं घड्याळ, हावड्यात चुकामूक टाळायची जागा. "दोन तोंडं आणि वेळ एकच," काका म्हणतात. "आमच्या खात्यात नेमकं उलटं होतं."

दुसरा वर्ग जेवताना. ताटात सांत्रागाछीचा सुरण होता, ज्याची ख्याती बंगालभर आहे. ती भाजी म्हणजे कोलकाता. वरण दिल्ली, कोशिंबीर मुंबई, दही चेन्नई आणि लोणच्याची फोड सिकंदराबाद. रेल्वे आरक्षणाची ही पाच केंद्रं. दिल्लीत १९८६ च्या सुमारास संगणकावर आरक्षण सुरू झालं, मग उरलेल्या चार ठिकाणी. पण पाची वाट्या आपापल्या जागी. दुसऱ्या वाटीतलं हवं असेल तर कोटा बघा, निरोप पाठवा आणि वाट पाहा. १९९९ साली 'कॉन्सर्ट' नावाच्या प्रणालीनं त्या एकमेकींना जोडल्या. काकांचे डोळे इथे पाणावतात. कारण त्यातली खुबी अशी की सगळं एका पातेल्यात ओतलं नाही. ज्या त्या गाडीचा हिशेब ज्या त्या केंद्राकडेच राहिला, फक्त कुठल्याही खिडकीवरून कुठल्याही केंद्रापर्यंत हात पोचू लागला.

"आता बघ. बर्थ एकच. त्याच क्षणी एक जण चेन्नईत मागतोय, एक जण मालद्यात. दोघांना देऊन चालेल?"

"नाही."

"दोघांनाही नाही म्हणून चालेल?"

इतक्यात काकूंनी, बोलण्यात दही आंबतंय म्हणून, वाटी उचलून नेली. "चेन्नई डाउन," काका शांतपणे म्हणाले. "बाकीच्यांनी थांबायचं नाही." आणि उरलेलं जेवण त्यांनी खरोखर दह्यावाचून संपवलं.

रेल्वेत हे सगळं शोभून दिसतं. घरात त्याचं काय होतं, ते आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळी दिसलं. हजारावी पौर्णिमा मोजायची तर आधी जन्मतारीख हवी. आधारवर १ जून, कारण शाळेत घालताना मास्तरांनी सरसकट सगळ्यांची तीच लावली होती. पेन्शनच्या कागदांत दुसरीच. पत्रिकेत तिथी, तीही अर्धी वाळवीनं खाल्लेली. काकांनी तिन्हींचा तक्ता करून भिंतीवर लावला आणि पंधरवडाभर त्याकडे बघत राहिले. पलंगावरून आजी म्हणाल्या, "अरे, मी इथंच बसली आहे. मला विचार ना."

"आई, तू सोर्स आहेस. सिस्टिम नाहीस."

त्यांनी पाड्यातल्या भट्टाचार्यांचाही सल्ला घेतला. तिथे कळलं की बंगालात गुप्त प्रेस आणि विशुद्ध सिद्धान्त अशी दोन पंचांगं आहेत आणि दुर्गापूजेच्या तिथींवरूनही त्यांचं अधूनमधून फाटतं. काका इतक्या आनंदात घरी आले की काकूंना वाटलं पेन्शन वाढली.

शेवटी पौर्णिमा बाजूला राहिली आणि न्यू जर्सीच्या नातवंडांच्या शाळेला सुट्टी कधी, यावर जूनचा शेवट ठरला. म्हणजे ठरायचा होता. कारण तारीख ठरवण्याची काकांची एक पद्धत आहे आणि ती बँकांच्या व्यवहारांत खरोखर वापरतात. आधी प्रत्येकाला एक फोन: "या तारखेला तयार आहेस का?" हो म्हणणाऱ्यानं ती तारीख अडवून धरायची, पण काहीही पक्कं करायचं नाही. सगळ्यांचे होकार आले की दुसरा फोन: "पक्कं." एकाचा जरी नकार आला तरी सगळ्यांनी सोडून द्यायचं. अर्धवट काही होऊच नये, यासाठी ही व्यवस्था. पुण्याच्या भावानं रजा अडवली. नागपूरच्या बहिणीनं शेजारणीच्या मुलीच्या साखरपुड्याला हो-नाही काहीच न सांगता टांगून ठेवलं. अमेरिकेतल्या पुतण्यानं तिकिटाचं पान उघडं ठेवलं. केटरर मात्र बंगाली. त्याला विचारलं, तयार आहात का? तो म्हणाला, "होये जाबे." म्हणजे होऊन जाईल. हा होकार धरायचा की नकार, यावर काकांनी तासभर काढला. तसं बघितलं तर त्याला खरा धक्का दुसऱ्याच गोष्टीचा बसला होता: ऐंशी वर्षांच्या बाईचा सोहळा आणि पानात मासा नाही!

या पद्धतीत एकच बारीक अडचण आहे. पहिला फोन झाल्यावर आणि दुसरा होण्याआधी मधला माणूसच गायब झाला तर? काका गायब झाले. त्या संध्याकाळी काळबैशाखीचं वादळ आलं, झाड तारांवर पडलं, वीज गेली, इंटरनेट गेलं, आणि फोन तर दिवसभराच्या पहिल्या फेरीतच मान टाकून बसला होता. "माझा फोन येईपर्यंत कुणी काही सोडायचं नाही," असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून पुण्यात रजा अडकली, नागपुरात साखरपुडा अडकला, आणि न्यू जर्सीत तिकिटाचा भाव चढताना पुतण्या हात बांधून बघत बसला. अंधारात काका मेणबत्तीच्या उजेडात नोंदी करत होते. "कोऑर्डिनेटर फेल्युअर," ते मला म्हणाले. स्वतःबद्दल इतकं तटस्थ बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही.

सकाळी वीज आली. काकांनी पुण्याला फोन लावला, तर भाऊ म्हणाला, "अरे, तिकिटं झाली आमची. आझाद हिंदची." नागपूर झालं होतं. अमेरिकाही झाली होती.

"पण पक्कं कुणी केलं?"

काकूंनी केलं होतं. रात्री शेजारच्या बौदीच्या फोनवरून त्यांनी फक्त नणंदेला सांगितलं, आणि नणंदेला सांगितलेलं किती वेळात कुठवर पोचतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर जूनच्या चौकटीत पेन्सिलीनं 'आई' एवढंच लिहिलं. दुधाचे खाडे, गॅसची तारीख, कामवाल्या माशीच्या सुट्ट्या, काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं त्या एका कागदावर असतं. काका त्याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. गोळ्या संपल्या का, ते बघायला मात्र तिथेच जातात.

सोहळा छान झाला. आजींनी चंद्राकडे बघून हात जोडले; त्या रात्री ढग होते, तरी जोडले. काकांच्या यादीत मी 'संलग्न' या रकान्यात होतो, म्हणून हिशेबाला त्यांच्या शेजारी बसायचा मान मला मिळाला. केटररच्या बिलात ६४ पानं, काकांच्या वहीत ६१. त्यांचा चेहरा उजळला. तीन दिवस त्यांनी फोटो मोजले, आहेराची पाकिटं मोजली, प्रत्येकाला फोन करून "तू दोनदा बसलास का?" असं विचारलं. चौथ्या दिवशी काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, ती तीन पानं मी माशीच्या घरी पाठवली होती. तिची मुलं आजारी होती ना."

काकांनी वही उघडली, शेरा लिहिला आणि माझ्याकडे सरकवली. तीन पानं, दिनांक, वेळ, आणि पुढे सुवाच्य अक्षरात: 'अनधिकृत अपडेट. मंजूर.'