राक्षसांची हमाली

पुण्याच्या मार्केट यार्डात, विशेषतः भुसार मालाच्या गाळ्यांत, संगणक नावाची जी वस्तू आढळते तिचे वय विचारण्याची पद्धत नाही. ती दिवसभर शेतकऱ्याची पट्टी छापते, म्हणजे मालाच्या रकमेतून हमाली, तोलाई वगैरे वजा जाऊन हाती काय उरले याचा हिशेब कागदावर उतरवते, आणि एवढे काम होत आहे तोवर यंत्र नवेच आहे अशी व्यापाऱ्याची दृढ धारणा असते. या धारणेला तडा जातो तो संध्याकाळी, कारण अडत्याचा चिरंजीव किंवा दिवाणजींचा भाचा त्याच यंत्रावर ‘डूम’ हा राक्षसांना मारण्याचा खेळ लावतो, आणि तोही मूळ स्वरूपात नव्हे, तर परदेशातील एखाद्या हौशी चाहत्याने वर्षानुवर्षे खपून रचलेली, खांबाखांबावर नक्षी आणि कोनाड्याकोनाड्यात मेणबत्ती असलेली लेव्हल घेऊन. दारातून आत पाऊल टाकताच चित्र थबकते, कॅबिनेटमधील पंखा किंचाळू लागतो आणि दोष सरसकट संगणकाच्या म्हातारपणाला दिला जातो. हा निवाडा एकतर्फी आहे.

आयडी सॉफ्टवेअरने 10 डिसेंबर 1993 रोजी प्रसिद्ध केलेला हा खेळ 386 जातीच्या प्रोसेसरवर आणि अवघ्या 4 एमबी मेमरीवर चालत असे, आणि त्याच्या लेव्हल, चित्रे व आवाज ‘वॅड’ नावाच्या स्वतंत्र फायलीत ठेवलेले असल्यामुळे मूळ खेळाला हात न लावता कोणालाही त्यात स्वतःची वास्तू उभारता येत असे. मात्र या वास्तुशास्त्राला कठोर नियम होते. एकाच उंचीचा, एकाच नक्षीचा आणि एकसारख्या उजेडाचा जमिनीचा किंवा छताचा जो सलग तुकडा नजरेस पडतो त्याला व्हिसप्लेन म्हणतात. असे तुकडे एका दृश्यात 128 हून अधिक झाले की खेळ क्षमायाचना न करता बंद पडत असे. भिंतींच्या दृश्य तुकड्यांची मर्यादा 256 होती, आणि ती ओलांडल्यास खेळ बंद पडत नसे, उरलेल्या भिंती तेवढ्या काढायच्या राहून जात, जो प्रकार पुण्यातील बांधकाम व्यवसायाला अगदीच अपरिचित म्हणता येणार नाही.

मर्यादेचे मोल मार्केट यार्डाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. डॉ. बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीने ज्या मागण्या लावून धरल्या त्यांत पाठीवरच्या पोत्याचे वजन 50 किलोंच्या वर नसावे ही एक महत्त्वाची मागणी होती, कारण पोते भरणारा एक आणि उचलणारा दुसरा असला की भरणाऱ्याचा हात आपोआप सैल सुटतो. डूमच्या बाबतीत इतिहास नेमका उलट्या दिशेने गेला. 1997 च्या डिसेंबरात खेळाची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली, पुढच्याच वर्षी टीम-टीएनटी या चाहत्यांच्या गटाने ‘बूम’ ही सुधारित आवृत्ती आणून त्या बहुतेक मर्यादा काढून टाकल्या, आणि तेव्हापासून लेव्हल रचणारे पोती मनसोक्त भरू लागले. संगणकाची संघटना नसल्यामुळे या बदलाविरुद्ध मोर्चा निघाला नाही.

तेव्हा ओझे कमी करणे ही खेळणाऱ्याचीच जबाबदारी ठरते, आणि त्यात पहिला प्रश्न चित्र कोणी काढायचे हा असतो. सर्वसाधारण समज असा की ग्राफिक्स चिपकडे काम सोपवले म्हणजे वेग वाढतो. परंतु जुन्या संगणकाच्या मदरबोर्डावरच बसवलेली चिप बारीक कलाकुसरीच्या लेव्हलपुढे पुष्कळदा हात टेकते, कारण ती पोतेच्या पोते उचलण्यासाठी घडवलेली असताना तिला हजारो छोट्या भिंती मूठमूठ मोजून दिल्या जातात आणि प्रत्येक मुठीमागे प्रोसेसरला स्वतंत्र हुकूम सोडावा लागतो. याउलट सॉफ्टवेअर रेंडरिंगमध्ये, म्हणजे प्रोसेसरने स्वतःच चित्र रंगवण्याच्या जुन्या पद्धतीत, बीएसपी नावाची आधीच बनवून ठेवलेली विभागणी वापरून जवळची भिंत प्रथम काढली जाते आणि तिच्याआड पूर्ण दडलेली भिंत काढलीच जात नाही. मात्र या पद्धतीत श्रम ठिपक्यांच्या हिशेबाने पडतात. मूळ खेळाचे चित्र 320 गुणिले 200, म्हणजे 64,000 ठिपक्यांचे होते; आजच्या 1920 गुणिले 1080 च्या पडद्यावर ते 20,73,600 होतात, म्हणजे सुमारे बत्तीसपट. ‘क्रिस्पी डूम’सारखी आवृत्ती 640 गुणिले 400 वर समाधान मानते, मर्यादाही सैल करते, आणि म्हणून भुसार विभागाच्या प्रकृतीला ती मानवते.

याखेरीज एक उपाय संगणकशास्त्रात गौण, पण या परिसरात प्रमुख मानावा लागेल. तापमान धोक्याच्या पातळीला पोचले की प्रोसेसर स्वतःचा वेग आपणहून कमी करतो, आणि बारदानाचे तंतू, हळद व मिरचीची पूड यांचा थर पंख्यावर बसलेला असेल तर ती पातळी फार लवकर येते. कॅबिनेट उघडून ब्रश फिरवल्याने जो लाभ होतो तो कोणत्याही सेटिंगने होत नाही. फक्त मिरचीच्या गाळ्यात हे काम तोंडाला रुमाल बांधून करावे.

सर्व उपाय थकतात ते 2001 च्या ‘नट्स’ या कुप्रसिद्ध वॅडपुढे. त्यात कलाकुसर जवळपास नाही, पण दहा हजारांहून अधिक राक्षस एकत्र उभे आहेत, आणि खेळ सेकंदाला 35 वेळा प्रत्येक जाग्या राक्षसाच्या हालचालीचा विचार करतो. कोणत्या दालनातून कोणते दालन दिसणे अशक्य आहे याची यादी लेव्हलमध्ये साठवलेली असते. तिला ‘रिजेक्ट’ म्हणतात, आणि ती नीट भरलेली असेल तर नजरेचे निरर्थक हिशेब वाचतात. परंतु सगळे राक्षस एकाच मोकळ्या जागेत समोरासमोर असतील तर ती यादी काय करणार? पडद्याचे ठिपके घटवूनही येथे फारसा फरक पडत नाही, कारण भार चित्राचा नसून विचाराचा असतो. मेलेला राक्षस विचार करत नाही, एवढाच काय तो दिलासा. त्यामुळे समोर हजारो शत्रू असताना, जेव्हा चपळाईची खरी निकड असते, तेव्हा गाळ्यातील संगणक गोगलगाईच्या गतीने चालतो, आणि अखेरचा राक्षस कोसळून करण्यासारखे काहीच उरले नाही की तो तरुणासारखा धावू लागतो. पण तोवर दिवाणजी शटर ओढायला आलेले असतात.