परदेश पनवेलला सुरू होतो

परदेशात गाडी चालवायची तर आपल्याकडे फार सोपे आहे. आरटीओचा फॉर्म ४-ए भरा, पासपोर्ट-व्हिसा दाखवा, १,००० रुपये मोजा. वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना हातात. मुंबईच्या चाकरमान्याला गणपतीत कोकणातल्या नांदगावला यायचे असेल तर मात्र तयारी लागते. टोलमाफी हवी? मग पोलीस किंवा आरटीओकडून पास आणा. त्यावर गाडीचा नंबर, मालकाचे नाव. आपल्याच घरी जायचा व्हिसा, तोही सणापुरता!

स्वतःची गाडीच परदेशी न्यायची तर ‘कार्नेट’ काढतात. म्हणजे ही गाडी मुदतीत त्या देशाबाहेर पडेल, नाहीतर आम्ही जकात भरू, अशी हमी. गाडी मुंबई-गोवा महामार्गावरून मुदतीत बाहेर पडेल, अशी हमी द्यायला कोण धजेल? पनवेलकडून चौपदरीकरण सुरू झाले २०११ साली. त्या वर्षी जन्मलेली पोरे आता मोपेडच्या शिकाऊ लायसनला टेकली आहेत. रस्ता अजून शिकाऊच.

फ्रान्समध्ये गाडीत चमकते जाकीट आणि लाल त्रिकोण नसेल तर दंड होतो. बिचारे! आमच्याकडे बंद ट्रकमागे चार दगड आणि एक हिरवी फांदी ठेवली, की नियमपालन झाले. फांदी सुकली, तर ट्रक कालचा आहे हेही कळते.

नांदगावचे काका कागदपत्रे विचारतच नाहीत. फोनवर त्यांचा प्रश्न एकच: “रे, स्टेपनीत हवा आसा मां?”